परिचारिकेचे शिक्षण : कर्ज किती, पगार किती?

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या आवारात माहितीपत्रके हातात घेतलेले पालक दिसू लागतात. मागे राधानगरी तालुक्यातील एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. तिला बी. एस्सी. नर्सिंगला जायचे होते. वडिलांनी विचारले, "सर, सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातनं वळतं करून घेतात. हे शिक्षणाचं कर्ज कशातनं वळतं करायचं?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, बँकेचा व्यवहार हा काही माझा विषय नव्हे. पण प्रश्न गणिताचा होता, आणि ते गणित शाळेतल्या व्याजाच्या प्रकरणापलीकडचे नव्हते. कागद घेऊन आम्ही बसलो.

बी. एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम. समजा, दरवर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये कर्ज घेतले आणि व्याजाचा दर दसादशे १० आहे. बँकांच्या नमुना शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत पदरचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. अभ्यासक्रमाचा काळ व पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. हप्ता नसला तरी व्याज चालू असते! पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,००० रुपये, दुसऱ्यावर चार वर्षांचे ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. हे सरळव्याजच १,४०,००० रुपये झाले. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर चार लाख नव्हे, ५,४०,००० रुपये असतात.

ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये येतो. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर ५,८०३. हप्ता हलका झाला म्हणून आनंद वाटतो, पण एकूण भरणा दहा वर्षांत सुमारे ८ लाख ५६ हजार, तर पंधरा वर्षांत १० लाख ४४ हजारांच्या वर जातो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात एक गंमत दिसेल. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास शिल्लक पदार्थाच्या प्रमाणात होतो. म्हणून तो आरंभी जलद व पुढे मंद होत जातो. कर्जाचे नेमके उलट आहे. येथे शिल्लक रकमेच्या प्रमाणात व्याज आकारले जाते, म्हणून मुद्दल आरंभी अगदी मंद गतीने फिटते. पहिल्या हप्त्याच्या ७,१३६ रुपयांपैकी ४,५०० रुपये व्याजातच जातात. दहा वर्षांच्या मुदतीत अर्धे मुद्दल फिटायला पाच नव्हे, सहा वर्षे आणि वर दोन महिने लागतात. सुरुवातीची वर्षे, जेव्हा पगार सर्वांत कमी, तीच सर्वांत जड.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयातील, उदाहरणार्थ आपल्या सी. पी. आर. मधील, अधिपरिचारिकेचे आरंभीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये आहे, भत्ते वेगळे. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत ते ४४,९००. तेथे आपला हप्ता मूळ वेतनाच्या पाचव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी होतो. परंतु सरकारी जागा स्पर्धेने मिळतात. खाजगी रुग्णालयात १५,००० रुपयांवर सुरुवात झाली, असे धरून पाहा. जवळजवळ निम्मा पगार हप्त्यात गेला! खोलीभाडे आणि जेवण उरलेल्या अर्ध्यात.

खाजगी परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ साली न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर शासकीय परिचारिकेइतके वेतन असावे, अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारसच. माझ्या मते, रात्रपाळीत एकटी वॉर्ड सांभाळणाऱ्या मुलीने शिक्षणाचा खर्च स्वतः कर्जाऊ करायचा आणि तिच्या कौशल्याचा लाभ रुग्णालयाने स्वस्तात घ्यायचा, हा व्यवहार न्याय्य नाही. एवढ्या कष्टाच्या व्यवसायात माणसे टिकत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी हे हप्त्याचे गणित एकदा करावे.

"परदेशी गेली की वर्षात फेडेल," असेही वडील म्हणाले. तशी वाट आहे. परंतु तीत अनुभवाची वर्षे, भाषेची परीक्षा आणि तेथील नोंदणी असे टप्पे आहेत. सर्वांत मोठा पगार मिळालेल्या मुलीचे छायाचित्र माहितीपत्रकावर असते. प्रयोगवहीत आपण सर्वांत मोठे वाचन उत्तर म्हणून लिहीत नाही. मागील तुकडीच्या मुलींना पगाराच्या क्रमाने उभे केले तर मधोमध कोण येते, तिला किती मिळते, हे संस्थेला विचारावे. हा आकडा प्रवेशाच्या दिवशी लेखी देणे प्रत्येक संस्थेवर बंधनकारक करावे, असे मला वाटते.

मग कर्ज घेऊच नये का? तसे मी म्हणणार नाही. आधी कर्ज कमी कसे होईल ते पाहावे. २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क माफ आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेल्यास ती सवलत नाही. म्हणून प्रवेशपरीक्षा टाळणे महागात पडते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि संस्था मान्यतेच्या अटीत बसत असेल, तर केंद्राच्या योजनेतून ते पहिले १,४०,००० रुपये व्याज सरकार भरते. मग हप्ता ७,१३६ ऐवजी ५,२८६ होतो. योजनेत बसत नसाल तर तेच व्याज शिकत असतानाच भरावे. पहिल्या वर्षी ते महिन्याला ८३३ रुपये आहे, दुधाच्या बिलातून निघण्याजोगे. पुढे ते वाढत चौथ्या वर्षी ३,३३३ होते, हेही खरे.

तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका हाही मार्ग आहे. कर्ज एका वर्षाने कमी आणि मिळकत एका वर्षाने लवकर. आणि संस्थेच्या रुग्णालयातील खाटा भरलेल्या असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. रिकाम्या खाटांवर शुश्रूषा शिकता येत नाही.

याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. कृष्णाबाई केळवकरांना पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी डब्लिनला पाठवले होते. परतल्यावर त्यांनी येथे रुग्णसेवा केली.

त्या मुलीने तो कागद घडी घालून नेला. जाताना तिने विचारले, "सर, व्याज नऊ टक्के असलं तर?" शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात घालावे. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ६,६६३ रुपये यायला हवा.