मांडव उतरल्यावर

आमच्या आष्टीत मांडव उतरला की कमानी, झालरी, कागदी फुले थेट उकिरड्यावर जातात. २०१८ साली राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. हौसेवर कोण घालणार? बँकेत असताना पिकासाठी उचललेले कर्ज मांडवात जिरताना मी पाहिले आहे. एरवी घरातला अंतरपाट पिढ्यान्‌पिढ्या तोच चाले, थोरलीच्या मोत्यांच्या मुंडावळ्या धाकटीला बांधल्या जात. आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, सुताचे हार घालून लग्ने लागली. मग कापडी तोरणे, झालरी, पडदे गावाने वर्गणीतून घेऊन का ठेवू नयेत? आधी ऐपतदारांनी ते मागून न्यावेत, म्हणजे गरिबाला संकोच वाटणार नाही. धुऊन परत करण्याचे काम वरपक्षाकडे द्यावे. त्यांना रुसण्यापलीकडे दुसरे काम तरी काय असते!