पडद्यावरील चित्र आणि आत्याबाईंची वही

आमच्या आत्याबाईंना सत्तरावें वर्ष लागलें, त्या वर्षीं त्यांनीं एक संकल्प सोडला. सासूबाईंच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या त्यांनीं एका वहींत उतरवून ठेवल्या आहेत. त्या संगणकावर स्वतः टंकून, अनुक्रमणिका जोडून, प्रत्येक लेकीसुनेस एकेक प्रत द्यावयाची. टंकन त्यांनीं महिन्याभरांत साधलें. अडलें तें अनुक्रमणिकेपाशीं. ज्या आज्ञावलींत त्या लिहीत होत्या ती विनामूल्य मिळणारी, आणि तिचा पाठ देणारीं पानेंही अनेकांनीं मिळून लिहिलेलीं. पानावर लिहिलें होतें, 'चित्रांत दाखविल्याप्रमाणें करावें.' चित्रांतील पट्टी एक, आणि आत्याबाईंच्या पडद्यावरील दुसरीच! तीन दुपारी त्या चित्र आणि पडदा ताडून पाहत बसल्या. चौथ्या दिवशीं वही ट्रंकेंत गेली. "माझ्याच्यानें नाहीं रे व्हायचें, वय झालें," एवढेंच त्या मला म्हणाल्या.

चित्र कैक वर्षांपूर्वींचें होतें. चूक चित्राची, पण दोष घेतला तो शिकणारणीनें. जाणता मनुष्य अडला कीं पुस्तकाला नांवें ठेवतो, नवशिका अडला कीं स्वतःच्या बुद्धीला. म्हणूनच अशीं पानें वर्षानुवर्षें तशींच राहतात. ज्याला चूक ओळखतां येईल त्याला त्या पानाची गरज पडत नाहीं, आणि ज्याला गरज पडते त्याला ती चूक आहे हेंच कळत नाहीं.

वास्तविक अशा पानांची योजना याच्या नेमकी उलट आहे. त्यांना 'विकि' म्हणतात. पहिली विकि अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम या आज्ञावलीकारांनीं १९९५ सालीं उघडली. शब्द हवाई बेटांच्या भाषेंतला, अर्थ 'चटकन'. होनोलुलूच्या विमानतळावरील एका बसगाडीच्या नांवावरून त्यांना तो सुचला. जो वाचील त्यानेंच तेथल्या तेथें दुरुस्त करावें, ही त्यांतील मुख्य कल्पना. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच रीतीनें चालत आला आहे. आपल्या जुन्या पोथ्यांच्या समासांत वाचणारांनीं टिपा लिहिलेल्या आढळतात. येथें समासांतली टीप थेट मूळ पाठांतच जाते, इतकाच भेद. शिवाय आधींचा प्रत्येक पाठ पानाच्या इतिहासांत शाबूत राहतो. आपल्या हातून कांहीं बिघडलें तर पूर्वींचा पाठ पुन्हां आणतां येतो. पण ही गोष्ट नवख्यास सांगतो कोण?

आतां सुधारणा करावयाची ती कशी, हें आमच्या भगिनींस निराळें सांगावयास नको. नव्या सुनेनें कैरीचें लोणचें कसें घालावें म्हणून विचारावें, आणि सासूबाईंनीं 'मीठ अंदाजानें घाल' म्हणावें, हा अनुभव घरोघरचा! सासूबाई कांहीं चोरून ठेवीत नसतात. चाळीस वर्षांत तो अंदाज त्यांच्या हातांत इतका मुरलेला असतो कीं तो सांगावा लागतो हेंच त्या विसरलेल्या असतात. १९७० सालीं निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें वाटीचमच्याचें माप दिलें, म्हणून तें पुस्तक नव्या संसारांत शिरलें. संगणकाच्या पानांवरही 'नेहमींप्रमाणें फाईल उघडावी' असें वाक्य दिसलें कीं खुशाल समजावें, लिहिणारा जुना आहे. आमचे चिरंजीव याच जातीचे. त्यांना बसवून लिहावयास सांगितलें तर पांच पायऱ्यांचें काम त्यांनीं दोन पायऱ्यांत उरकलें!

चित्रांची गोष्ट अधिक नाजूक आहे. शब्द हळूहळू जुने होतात, पडद्याचें चित्र एका रात्रींत होतें. लिबरऑफिसचेंच पाहा. २०१९ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ६.२ या आवृत्तीपासून तेथें बटणांची कप्प्याकप्प्यांची एक निराळी मांडणीही निवडतां येते. म्हणजे एकाच घरांतल्या दोन संगणकांवर एकच आज्ञावली दोन वेषांत दिसूं शकते. तेव्हां चित्राखालीं आवृत्तीचा अंक आणि मांडणीचें नांव लिहिणें हें पहिलें काम. सबंध पडद्याचें चित्र देऊं नये. लागेल तेवढाच तुकडा कापून घ्यावा, नाहींतर मोबाइलवर अक्षरें मुंगीएवढीं होतात. त्या तुकड्यांत आपलीं खासगी पत्रें किंवा बँकेचे आंकडे तर डोकावत नाहींत ना, हें दोनदां पाहावें. चित्र पीएनजी प्रकारांत जतन करावें. जेपीईजी हा प्रकार छायाचित्रांसाठीं चांगला, पण त्यांत अक्षरांच्या कडा पुसट होतात. चित्रावर इंग्रजी शब्द लिहिण्यापेक्षां १, २, ३ असे अंक घालावे आणि खुलासा खालीं द्यावा, म्हणजे तेंच चित्र मराठी पानासही चालतें. ज्यांची दृष्टि गेली आहे त्यांना संगणक पान वाचून दाखवितो, त्यांच्यासाठीं चित्राचें एका ओळींत वर्णनही जोडावें. आणि नवें चित्र जुन्याच नांवानें चढवावें. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकींत असें केल्यास तें चित्र जेथें जेथें वापरलें असेल तेथें नवेंच दिसूं लागतें. जुनें इतिहासांत राहतें.

हें सर्व आम्हांस कळलें तें आत्याबाईंनाच शेजारीं बसविल्यावर. चिरंजीवांस सक्त ताकीद होती, कीं बोटानें दाखवावयाचें नाहीं. आत्याआजी जेथें थांबेल तेथें फक्त लिहून घ्यावयाचें. त्या अकरा ठिकाणीं थांबल्या. "आतां 'शैली' म्हणजे काय रे बाबा? माझ्या ओव्यांची का?" हा त्यांतलाच एक प्रश्न, त्या शब्दाचा खुलासा अख्ख्या पानावर कोठेंही नव्हता. हें काम त्याच आठवड्यांत करावें लागतें. एकदां जमलें कीं आपण कोठें अडलों होतों हें मनुष्य विसरतो, आणि मग तोही 'नेहमींप्रमाणें' लिहूं लागतो.

पान नवें झालें. आठव्या दिवशीं कोणा अनोळखी गृहस्थानें आत्याबाईंचें एक वाक्य निम्मे करून टाकलें. त्या दिवशीं जेवतांना त्या फारशा बोलल्या नाहींत. रात्रीं चर्चेच्या पानावर त्याचें कारण वाचलें : तीच गोष्ट वर एकदां येऊन गेली होती. "खरेंच आहे त्याचें," त्या म्हणाल्या, आणि खालीं 'आभारी आहें' असें स्वतः टंकून ठेवलें.

वही ट्रंकेंतून बाहेर आली आहे. अनुक्रमणिका लागली, आतां अक्षर थोडें मोठें हवें म्हणून त्या त्या विषयाचें पान शोधीत आहेत. त्यावरचेंही चित्र जुनें आहे म्हणतात.