इंजिन पुन्हा खोलण्याआधी



जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचे काम केले. लाइनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे नवे टाकले. उसनवारी करून बिल भागवले. ट्रॅक्टर शेतात नेला आणि इंजिन मिस मारू लागले. मिस्त्री म्हणतो, "पुन्हा खोलावे लागेल." म्हणजे पुन्हा गॅसकेट, पुन्हा मजुरी, पुन्हा आठवडाभर ट्रॅक्टर शेडमध्ये. तेवढ्यात वाफसा निघून जातो, आणि कोरडवाहूत वाफसा गेला की पेरणी गेली.

ही तक्रार आम्ही बैठकांतून वारंवार ऐकतो. कापूस आणि ज्वारीच्या भरवशावर नव्या ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही, म्हणून आपल्याकडे जुनी यंत्रेच राबतात. एचएमटीने 1971 साली पिंजोरला झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2016 साली घेतला. कारखाना गेला तरी त्याचे ट्रॅक्टर शेतात आहेत. 1974 सालापासून निघालेले स्वराज 724 सुद्धा आहेत. अशा यंत्राचा मालक आता स्वतःच्या आणि गावच्या मिस्त्रीच्या अकलेवर अवलंबून आहे. म्हणून ही अक्कल गावात असली पाहिजे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: दाबून तापलेली हवा, नोझलमधून बारीक फवाऱ्याने आलेले डिझेल, आणि ते येण्याची नेमकी वेळ. मिस मारणाऱ्या सिलिंडरमध्ये यांपैकी एक कमी पडते. कोणती, हे इंजिन न खोलता बरेचसे कळते.

पहिली तपासणी फुकटची. कामाच्या वेळी डिझेलची सगळी लाइन सुटलेली असते. एखादा वायसर जुनाच बसवला, एखादा नट सैल राहिला, की लाइन एअर धरते. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले आहे का, फिल्टरच्या तळाशी पाणी आहे का, हे पाहावे. मग फिल्टरपासून पंपापर्यंत क्रमाने एअर काढावी. बुडबुडे थांबतच नसतील तर लाइन कुठेतरी हवा ओढते आहे. एअर किंवा फिल्टरचा दोष असेल तर इंजिन एकाच सिलिंडरवर अडत नाही, एकंदरच अडखळते.

दुसरी तपासणी: कोणता सिलिंडर मुका आहे? इंजिन हळू चालू ठेवून एका नोझलवरचा पाइपाचा नट पान्याने थोडा सैल करावा. आवाज बदलला, इंजिन आणखी बसले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. नट आवळून पुढच्या सिलिंडरकडे जावे. सैल जोडावर फडके धरावे, उघडा हात फवाऱ्यासमोर कधीही नेऊ नये. तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो. तसे झाले तर जखम लहान दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. नव्या कॉमन रेल इंजिनावर ही रीत मुळीच वापरू नये.

मुका सिलिंडर सापडला की इंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावावे. नोझलखालचा तांब्याचा वायसर नवा घालावा. मिस मारणे नोझलबरोबर सरकले तर दोष नोझलचा, ते टेस्टिंगला न्यावे. जागेवरच राहिले तर टॅपेट पाहावेत. टॅपेट घट्ट बसले की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि दाब निसटतो. नव्या कामानंतर थोडे चालवून हेडचे बोल्ट पुस्तिकेप्रमाणे पुन्हा आवळायचे असतील, तर त्यानंतर टॅपेटही पुन्हा लावावे लागतात. हे दुसरे सेटिंग पुष्कळदा राहूनच जाते.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर मुके असतील तर मधल्या गॅसकेटचा संशय घ्यावा. सगळेच सिलिंडर ठोकत असतील किंवा उग्र वासाचा पांढरा धूर सोडत असतील तर पंपाचे टायमिंग तपासावे. पाइप तर अदलाबदल झाले नाहीत ना, हेही पाहावे. चार सिलिंडरच्या बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांचा क्रम 1-3-4-2 असतो. थोडा निळा धूर पाहून मात्र घाबरू नये, नव्या रिंगा बसायला काही तास काम लागते. एवढे करूनही दोष राहिला तर कॉम्प्रेशन गेजने दाब मोजावा. दाब कमी निघाला, तरच इंजिन खोलण्याची भाषा करावी.

कपाशीची पाने लाल पडली की दुकानदार देईल ती बाटली फवारणारे शेतकरी आम्ही पाहतो. पान उलटून तुडतुडे पाहिले नाहीत, जमिनीत ओल आहे का हे पाहिले नाही, नत्र-मॅग्नेशियमचा विचार केला नाही, नुसता फवारा. निदानाआधी खर्च, हीच खोड इंजिनाच्या बाबतीतही आपल्याला बुडवते.

मिस्त्रीशी भांडण नको. तोही आपल्याच गावचा, त्याच्याकडेही साधने अपुरी. पण व्यवहार कागदावर असावा. बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव बिलात असावे, जुने भाग परत घ्यावेत, नोझल किती दाबावर टेस्ट केले ते लिहून घ्यावे. काही रक्कम ट्रॅक्टर नांगराला लावून चालवल्यानंतर द्यावी आणि हे काम सुरू होण्याआधीच ठरवावे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येणार नाही.

दोन कामे आपण मिळून करायची आहेत. एक, प्रत्येक तालुक्याने वर्गणी काढून फीलर गेज, डिझेलचे कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क पाना असा एक संच घ्यावा. तो कोणाकडे राहील, नोंद कोण ठेवील, हे याच बैठकीत ठरवावे. दुसरे, ज्या आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टरचा अभ्यासक्रम चालतो, तिथे खरिपापूर्वी नोझल टेस्टिंगचे शिबिर भरवण्याची मागणी लेखी करावी. पोरांना हात साफ करायला इंजिने हवीतच, आणि आपल्याकडे मिस मारणारी इंजिने भरपूर आहेत.

येताना ट्रॅक्टरचे मॉडेल, इंजिनाचे काम केल्याची तारीख आणि बिल बरोबर आणा. कोणत्या मॉडेलमध्ये कोणता दोष पुन्हा पुन्हा निघतो, याची तालुकावार वही बैठकीतच सुरू करू.