दोन किल्ल्या, दोन ध्वज



या स्तंभात आपण एरवी व्याजदर, मुदतठेवी, नामनिर्देशन अशा विषयांची चर्चा करतो. या महिन्याचा विषय थोडा निराळा आहे. परंतु शेवटी तोही हिशेबाच्याच वहीत येऊन मिळतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

निवृत्तीनंतर आरे कॉलनीत सकाळी फिरावयास जाण्याचा माझा नेम आहे. बिबट्याच्या वावरामुळे आम्ही ज्येष्ठ मंडळी चांगले उजाडल्यावरच आत शिरतो. रविवारी त्या सुमारास एका मोकळ्या जागेत, झाडांखाली, पांढऱ्या गणवेशातील पंचवीस-तीस मुले अनवाणी रांगेत उभी राहून कराटेचा सराव करीत असतात. त्यांत माझी बारा वर्षांची नातही असते. घरात हा विषय प्रथम निघाला तेव्हा माझ्या पत्नीने विचारले होते, "आपल्या घरातल्या मुलीने मारामारी शिकायची?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघाला असेल. माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. ते मला नातीच्या पहिल्या स्पर्धेत मिळाले, आणि तेही स्वतःच्या फजितीतून.

स्पर्धा उपनगरातीलच एका सभागृहात होती. नात तीन विरुद्ध एक अशी आघाडीवर होती आणि अखेरचे काही सेकंद उरले होते. तिने पुढे झेपावून चेहऱ्याच्या दिशेने ठोसा मारला. तो समोरच्या मुलीच्या मुखवट्यावर आदळला आणि ती मुलगी नाक धरून रडू लागली. मुख्य पंचांनी लढत थांबवली, डॉक्टरांना बोलावले आणि नातीला बाद ठरवले. मी खुर्चीवरून उठलो. "आघाडीवर असलेली मुलगी हरते कशी?" असे मोठ्याने विचारीत थेट पंचांच्या टेबलापर्यंत गेलो. एका तरुण स्वयंसेवकाने मला नम्रपणे जागेवर आणून बसवले.

परतीच्या वाटेवर रिक्षा आरेच्या रस्त्याला लागली तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, माझा हात थांबला नाही. पंचांनी बरोबर केलं. तुम्ही ओरडलात ना, त्याचं मला जास्त वाईट वाटलं."

बँकेत असताना परिपत्रक पूर्ण वाचल्याखेरीज मी कधी सही केली नाही. येथे मात्र नियमांचे एक पानही न वाचता निकाल देऊन मोकळा झालो होतो. तेव्हा घरी येऊन प्रथम जागतिक कराटे महासंघाची नियमावली वाचावयास घेतली. आपल्याकडील बहुतेक हौशी स्पर्धा तिच्याच आधाराने, थोडाफार फेरफार करून, घेतल्या जातात.

कराटे स्पर्धेचे दोन प्रकार असतात. 'काता' म्हणजे प्रतिस्पर्ध्याविना, ठरलेल्या क्रमाने करावयाच्या हालचाली. पवित्रा, तोल, लय आणि जोर पाहून पंच त्यांचे मूल्यमापन करतात. 'कुमिते' म्हणजे प्रत्यक्ष लढत. ती आठ मीटर लांब-रुंद चौकोनात होते. एक स्पर्धक लाल आणि दुसरा निळा पट्टा बांधतो. चेहऱ्यावर वा धडावर योग्य ठोसा बसल्यास एक गुण, धडावर लाथ बसल्यास दोन गुण आणि मस्तकाच्या उंचीवरील लाथेस तीन गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून लगेच केलेल्या अचूक प्रहारासही तीन गुण आहेत. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तेथेच संपते. गुण समसमान राहिल्यास, प्रतिस्पर्ध्याचा गुण होण्यापूर्वी ज्याने पहिला निर्विवाद गुण मिळवला असेल, त्याला सामान्यतः विजयी मानतात.

खरी मेख पुढे आहे. ठोसा नुसता लागल्याने गुण मिळत नाही. त्याची ढब, जोम, वेळ आणि अंतर बरोबर हवे. प्रहारानंतरही स्पर्धकाचे भान सुटलेले नसावे आणि वृत्ती खिलाडू असावी. या कसोट्यांवर उतरला तरच तो प्रहार गुणास पात्र होतो. शिवाय चेहऱ्यावरचा प्रहार आवरलेला असावा लागतो. लहान वयाच्या स्पर्धकांत तर चेहऱ्यापासून सुमारे दहा सेंटिमीटरवर थांबलेला ठोसाही गुणपात्र ठरतो, आणि जो लागतो तो दंडास पात्र होतो. नात "माझा हात थांबला नाही" म्हणाली त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. या खेळात पोहोचण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मोल थांबण्याला आहे. पत्नीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच होते. उलट बाजूने, लागले नसताना लागल्याचे सोंग करणाऱ्यासही ही नियमावली दंड करते.

नियम सर्वोच्च पातळीवरही असाच पाळला जातो का, अशी शंका माझ्यातील जुन्या तपासनीसास आली. त्याचे उत्तर टोकियो ऑलिंपिकमध्ये सापडते. कराटेचा ऑलिंपिकमध्ये आजवर तेवढ्या एकाच वेळी समावेश झाला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी तेथील निप्पॉन बुदोकान सभागृहात पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी चार विरुद्ध एक असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेह याच्या मस्तकाला लागली आणि गंजजादेह बेशुद्ध पडला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. पंचांनी विचारविनिमय करून अतिरिक्त आघाताबद्दल हमेदीला बाद ठरवले. सुवर्णपदक बेशुद्धावस्थेत बाहेर नेलेल्या खेळाडूला मिळाले आणि आघाडीवरच्या खेळाडूला रौप्यावर समाधान मानावे लागले. त्या निर्णयावर जगभर वाद झाला, परंतु नियम लिखित होता आणि स्पर्धकांस आधीपासून ठाऊक होता. माझ्या नातीच्या लढतीत लागू झाला तो हाच नियम.

आता पंचांकडे वळू. त्याच दिवशी दुपारी घडलेल्या एका प्रसंगाने मला खरे अस्वस्थ केले. एका मुलाच्या लढतीत कोपऱ्यातील पंच म्हणून जे गृहस्थ बसले होते, त्यांनीच थोड्या वेळापूर्वी त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा पट्टा बांधून देताना मी पाहिले होते. ते त्या प्रतिस्पर्ध्याचे शिक्षक होते. निकाल एका गुणाने त्यांच्याच विद्यार्थ्याच्या बाजूने लागला. त्यांनी पक्षपात केला, असे मी म्हणणार नाही. कदाचित निकाल अचूकही असेल. हरलेल्या मुलाचे वडील किराणा व्यापारी, स्वभावाने शांत. ते माझ्या शेजारी बसले होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, हरण्याचं दुःख नाही. पण का हरला, हे याला मी काय सांगू?"

या प्रश्नाला उत्तर देता यावे, यासाठीच नियमावलीत पंचांची रचना बेतलेली आहे. प्रचलित पद्धतीत चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार पंच लाल-निळे ध्वज घेऊन बसतात आणि मुख्य पंच आत उभे असतात. गुण मिळण्यासाठी किमान दोन पंचांनी एकाच स्पर्धकाच्या बाजूने ध्वज दाखवावा लागतो. एकाला दिसले आणि तिघांना दिसले नाही, तर गुण नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लढणाऱ्या दोघांपैकी कोणाच्याही देशाचा पंच त्या लढतीला नेमत नाहीत. टोकियोत काताच्या मूल्यमापनासाठी सात पंच होते. त्यांच्या गुणांतील सर्वांत वरचे दोन आणि सर्वांत खालचे दोन वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरीत. एखाद्याचे अतिप्रेम वा अतिराग निकालापर्यंत पोहोचू नये, एवढाच यामागील हेतू.

हे वाचताना मला शाखेतील तिजोरी आठवली. प्रत्येक शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे एकत्र आल्याखेरीज ती उघडत नाही. नव्या कर्मचाऱ्याला प्रथम हा अविश्वास वाटतो. माझे पहिले शाखाधिकारी समजावून सांगत, "ही दुसरी किल्ली तुमच्यावर संशय म्हणून नाही. उद्या कोणी संशय घेतला तर तुमच्या रक्षणासाठी आहे." कराटेतील दुसरा ध्वज ही तीच दुसरी किल्ली होय. चारही पंच एकाच क्लासचे असतील, तर ध्वज दोन दिसले तरी दोन्ही किल्ल्या एकाच खिशात असतात. मग प्रामाणिक पंचालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही.

ज्या आरेच्या रस्त्यावरून आम्ही त्या दिवशी परतलो, त्या वसाहतीचा इतिहासही हेच सांगतो. शहरातील तबेले एका ठिकाणी आणून दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ही दुग्धवसाहत उभी राहिली. दुधाची शुद्धता विक्रेत्याच्या शपथेवर न सोडता प्रक्रिया, तपासणी आणि सीलबंद बाटली यांवर सोपवण्यात आली. प्रामाणिक माणसालाही सीलबंद बाटलीचा आधार लागतो. व्यापारात मुरलेल्या आपल्या समाजाला हे मी निराळे सांगावयास नको.

हे सारे या मासिकात लिहिण्याचे कारण असे. त्या सभागृहातील फलकावर प्रायोजक म्हणून जी नावे होती, त्यांतील निम्मी आपल्याच समाजातील दुकानांची आणि पेढ्यांची होती. चषक, पदके, मुलांचा अल्पोपाहार, यांसाठी आपण उदारपणे देणगी देतो. परंतु स्थानकाच्या वा मंदिराच्या देणगीची पावती मागणारे आपण, येथे काहीच विचारीत नाही. तेव्हा पुढील वेळी आयोजक आपल्या गादीवर येतील, तेव्हा सौजन्याने पाच गोष्टी विचाराव्यात.

पहिली : स्पर्धा कोणत्या नियमांनी होणार? क्योकुशिनसारख्या शैलींत शरीरावर पूर्ण ताकदीने प्रहार चालतो, तर इतर अनेक स्पर्धांत आवरलेलाच प्रहार मान्य असतो. हा भेद पालकांस प्रवेशअर्ज भरतानाच लेखी कळावा.

दुसरी : स्वतःचा विद्यार्थी लढत असताना त्याचे शिक्षक त्या चौकोनात पंच नसतील, अशी व्यवस्था आहे का? छोट्या स्पर्धेत पंच कमी पडतात, ही अडचण खरी आहे. परंतु दोन चौकोन असतील तर पंचांची अदलाबदल करण्यास खर्च येत नाही.

तिसरी : डॉक्टर आणि प्रथमोपचार पूर्ण वेळ उपस्थित असतील का? मुखवटा, हातमोजे आणि दातांचे संरक्षक सक्तीचे आहेत का?

चौथी : तक्रार कोणी, कोणाकडे आणि किती वेळात करावी? मूळ नियमावलीत प्रेक्षकाला पंचांशी वाद घालण्याचा अधिकारच नाही. संघाच्या अधिकृत प्रतिनिधीने लढत संपताच, अनामत शुल्कासह लेखी तक्रार द्यावयाची असते. माझ्यासारख्या उतावीळ आजोबांसाठी ही तरतूद विशेष हितकारक आहे.

पाचवी : प्रमाणपत्राचे मोल काय? क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचा विचार करताना अशा मान्यताप्राप्त स्पर्धाच धराव्या लागतात. देशात कराटेच्या संघटना अनेक आहेत. फलकावर 'राष्ट्रीय' वा 'आंतरराष्ट्रीय' असे लिहिले म्हणून खासगी स्पर्धेचे प्रमाणपत्र तेथे चालेलच असे नाही. शिवाय एका गटात चारच मुले आणि एक सुवर्ण, एक रौप्य, दोन कांस्य अशी चार पदके असतील, तर पदक हरण्याचे मिळाले की जिंकण्याचे, याचा हिशेब आपल्या मुलासमोर मांडणे इष्ट.

हे प्रश्न विचारल्याने आयोजक दुखावतील, अशी शंका काहींच्या मनात येईल. माझा अनुभव निराळा आहे. त्या स्पर्धेच्या आयोजकांना मी नंतर भेटलो. आधी माझ्या ओरडण्याबद्दल क्षमा मागितली आणि मग पंचांच्या नेमणुकीचा विषय काढला. ते म्हणाले, "काका, आजवर कोणी विचारलंच नाही. कोणी विचारलं असतं तर मला शिक्षकांना सांगणं सोपं गेलं असतं." पुढील स्पर्धेसाठी त्यांनी शेजारच्या क्लासांतून पंच मागवण्याचे मान्य केले आहे. त्या किराणा व्यापाऱ्यांनाही मी हे कळवले. त्यांचा मुलगा पुन्हा नाव देणार आहे.

आमच्या घरी आता संध्याकाळी एक निराळा सराव चालतो. नात हॉलच्या मधोमध उभी राहते आणि वर्तमानपत्राच्या पानापर्यंत वेगाने ठोसा नेऊन तो कागद न हलवता थांबवते. हलला तर मोजणी पुन्हा एकपासून. कागद धरण्याचे काम माझ्या पत्नीने स्वतःहून पत्करले आहे. परवा सलग सतरा ठोसे न लागता झाले. अठराव्याला कागद फाटला आणि दोघी पुन्हा एकपासून मोजू लागल्या.

पुढील अंकात लॉकरच्या नव्या करारनाम्याविषयी. जय जिनेंद्र.