आपण उजेडी जेवतो, वावरात मात्र अंधारात बटन दाबलं जातं



दशलक्षण पर्व पंधरा दिवसांवर आलंय. दळणं, पाणी गाळायची नवी कापडं, सोवळ्याची भांडी, सगळ्यांच्या घरी तीच धावपळ असेल. पण आज पाककृती नाही. आज भांडायचं आहे. आधी स्वतःशी, मग तुमच्याशी.

गेल्या वर्षी उत्तम आर्जवाच्या दिवशी मी मंदिरातून परतले, तर मामंजी फोनवर बोलत होते. आमचं सेलू तालुक्यातलं वावर मक्त्याने दिलेलं आहे. तिकडून निरोप होता: रात्री तारेला रोही चिकटली, पहाटेच पुरून टाकली. "डुकरांसाठी लावली होती तार," मामंजी म्हणाले. हे म्हणाले, "वावर मक्त्याने दिलंय, त्यात आपलं काय?" मी गप्प बसले. आर्जव म्हणजे सरळपणा, आणि त्या दिवशी घरात कुणीच सरळ बोललं नाही. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी पाचला जेवायला बसले आणि घास अडकला. अंधारात न दिसणारा जीव ताटात पडू नये म्हणून आपण सूर्यास्ताआधी जेवतो. आणि त्याच वेळी आपल्याच वावरात कुणीतरी बटन दाबायला निघालेलं असतं, अंधारात न दिसणाऱ्या जिवासाठी!

आता कुणी म्हणेल, एका रोहीचं काय एवढं? तर आपण कुठे राहतो ते बघा. बोर 1970 साली अभयारण्य झालं आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचं गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. एवढ्याशा जंगलात वाघाचं वयात आलेलं पिल्लू राहणार कुठे? ते नवी जागा शोधत बाहेर पडतं, आणि बाहेर म्हणजे आपली कपाशी, तूर, सोयाबीन, संत्र्याचे बगीचे. रानडुकरासाठी लावलेली तार कुणालाच ओळखत नाही.

2017 ची गोष्ट आठवते ना? ब्रह्मपुरीकडून पकडून बोरमध्ये सोडलेली वाघीण. तिने माणसं मारली होती. ज्या घरातली बाई गेली त्या घराचं दुःख मी लहान करणार नाही. तिला गोळी घालायचा आदेश निघाला, काही जण त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. मारावं की पकडावं, यावर वकिलांनी वाद घातला. आणि ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात, एका वावराच्या तारेला चिकटून ती मेली. ज्या प्रश्नावर एवढा खल झाला, तो तारेने क्षणात निकालात काढला. उद्या त्याच जागी जागलीवर निघालेला शेतकरी असेल, किंवा शेळीमागे धावणारं पोर. अशा तारांना विदर्भात माणसंही चिकटून मेली आहेत.

स्वाध्यायात मी हा विषय काढला तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं, शेतकऱ्याने उपाशी मरायचं का? पीक राखणं ही विरोधी हिंसा, श्रावकाला ती सुटलेली नाही." पहिला प्रश्न अगदी खरा आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं करून जातो. कर्ज काढून पेरलेलं असतं. पण दुसरं मला पटत नाही. समोर येणाऱ्याला हाकलणं, त्याच्यापासून जीव वाचवणं, ही विरोधी हिंसा. येईल तो मरेल अशी तार संध्याकाळी शांतपणे जोडायची आणि घरी जाऊन झोपायचं, याला विरोधी कसं म्हणायचं? मी तर संकल्पीच म्हणेन. आणि "मक्त्याने दिलंय" म्हणून सुटका नाही. कृत, कारित, अनुमोदना आपण लहानपणापासून पाठ केलंय. करणं, करवून घेणं, करणाऱ्याला मान डोलावणं. मक्त्याचे पैसे मोजून घेताना गप्प बसणं यात कुठे बसतं, ते तुम्हीच सांगा.

बरं, दुसरा उपाय नाही असंही नाही. थेट लाइन जोडली की 230 व्होल्टचा प्रवाह सलग वाहतो, स्नायू आखडतात, जनावराला सुटता येत नाही. सौर कुंपणाच्या झटका मशीनचा धक्का जोराचा असतो, पण सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता, थांबून थांबून. जनावर दचकतं, मागे फिरतं, जिवंत राहतं. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी अनुदान आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभाग देतो. त्यासाठी हेलपाटे पडतात, हे मान्य. पण मक्तेदाराला एकट्याला हेलपाटे घालायला लावून आपण घरी सामायिक करत बसायचं का?

माझ्या व्रताचं उद्यापन यंदा होतं. दीडशे स्टीलचे डबे वाटायचे ठरले होते. (खरं सांगा, कुणाच्या कपाटात जागा उरलीय?) ते डबे रद्द केले आणि झटका मशीन घेतली. मामंजी आधी रागावले. मग स्वतः वावरात जाऊन जुनी तार काढून आले. मक्तेदार म्हणाला, "बाई, आता रात्री पाणी ओलायला जायची भीती नाही वाटत." म्हणजे इतके दिवस तोही भीतच होता.

म्हणून यंदा एकच मागते. ज्यांची शेती आहे, त्यांनी पर्व सुरू व्हायच्या आधी घरातल्या पुरुषांना विचारा, "आपल्या धुऱ्यावरच्या तारेत रात्री करंट असतो का?" उत्तर टाळलं तर पुन्हा विचारा. ज्यांची शेती नाही, त्यांनी उद्यापनाच्या खर्चातून एखाद्या शेतकऱ्याच्या मशीनला हातभार लावा.

क्षमावाणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. त्या रोहीची मी मागितली. पण तार जागेवर ठेवून मागितली असती, तर ती क्षमा कसली?