फणस कापणारे हात

वाढदिवसाला मुलगा आणि सून म्हाताऱ्याकडे येतात. सोबत दोन भेटी असतात: न वाकता खालची वस्तू उचलायचा लांब चिमटा आणि मोठमोठ्या आकड्यांचा फोन. मग हळूच वृद्धाश्रमांची गुळगुळीत माहितीपत्रकं टेबलावर येतात. एवढं मोठं घर, तुम्ही एकटे, तिकडे तुमच्या वयाची माणसं असतील... वॉल्ट कोवाल्स्की उत्तर देत नाही, घशातून गुरगुरतो. पुढच्या दृश्यात मुलगा-सून गाडीत बसून परत चाललेली दिसतात. त्याच दिवशी शेजारच्या घरातली स्यू नावाची मुलगी त्याला आपल्याकडे जेवायला बोलावते. तो नाही म्हणतो. ती सांगते, घरात बिअर आहे. तो जातो.

क्लिंट ईस्टवुडचा 'ग्रॅन टोरिनो' (२००८) गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. बायको नुकतीच गेलेला, फोर्ड कारखान्यातून निवृत्त झालेला, कोरियन युद्धात लढलेला एक पोलिश वंशाचा अमेरिकन, आणि त्याच्या शेजारी राहायला आलेलं लाओसमधलं ह्मोंग कुटुंब. (हा 'ह्म' इंग्रजी जिभेला जड जातो, वॉल्टलाही जातो. आपल्याला 'म्हातारा' म्हणता येतं, म्हणजे आपलं निम्मं काम झालं.) सिनेमा संपल्यावर घरातल्या एकाने ठरलेला शेरा मारला, "माणूस फणसासारखा आहे. वरून काटे, आत गरे."

आपल्याकडे प्रत्येक तुसड्या पुरुषाची सुटका या एका फळावर होते. आयुष्यभर बायकोवर खेकसणारे काका फणस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणालाच बोलू न देणारे माजी सेक्रेटरी फणस. ही उपमा देणाऱ्यांनी फणस बहुतेक कधी फोडलेला नसतो. मी फोडला आहे. विळीला आणि हातांना कोपरापर्यंत तेल चोळून बसावं लागतं, तरीही चीक चिकटतोच, आणि तो साबणाने निघत नाही. गरे खाणारे तोवर ओसरीवर गप्पा मारत असतात. या जातीच्या सिनेमांत मला नेहमी त्या तेल लावलेल्या हातांबद्दल कुतूहल वाटतं. ते कुणाचे असतात?

वॉल्टच्या काट्यांची जात आधी पाहू. त्याचं घर जिथे चित्रित झालं ते डेट्रॉइटला खेटून असलेलं हायलंड पार्क. फोर्डने १९१३ साली मोटारींची सरकती जुळणीपट्टी इथेच चालू केली. १९३० साली पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या या गावात २०२० च्या जनगणनेत नऊ हजार माणसंही उरली नव्हती. वीजबिल थकलं म्हणून २०११ साली रस्त्यावरचे हजाराहून अधिक दिवे काढून नेले गेले. गंमत अशी, की निक शेंकने पटकथा लिहिली होती मिनेसोटासाठी. तिथल्या कारखान्यात काम करताना त्याला ह्मोंग सहकारी भेटले होते. मिशिगन राज्याने करसवलत देऊ केली म्हणून चित्रीकरण इकडे आलं. इतक्या व्यापारी कारणाने निवडलेली जागा कथेला इतकी फिट्ट बसावी, हे मी तरी फार वेळा पाहिलेलं नाही.

कारण याच हायलंड पार्कमध्ये जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने मारून टाकण्यात आलं. मारणाऱ्यांपैकी एक मोटार कारखान्यात सुपरवायझर, दुसरा मोटार उद्योगातूनच कामावरून कमी झालेला. जपानी गाड्यांनी डेट्रॉइटचा रोजगार खाल्ला, हा त्या काळातला राग, आणि हाती लागलेला माणूस जपानीही नव्हता. राज्याच्या न्यायालयाने दोघांना तुरुंगाचा एक दिवसही दिला नाही. परिवीक्षा आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड, एवढ्यावर भागलं. वॉल्टचा मुलगा टोयोटा चालवतो म्हणून वॉल्ट दात-ओठ खातो, तेव्हा प्रेक्षागृहात हशा येतो. मला ती बॅट आठवते. ईस्टवुडला ती आठवत होती की नाही, पडद्यावरून कळत नाही.

आणि ह्मोंग लोक अमेरिकेत आले कसे? १९६० च्या दशकात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने लाओसच्या डोंगरातल्या या शेतकऱ्यांची फौज उभी केली. वांग पाओ हा त्यांचा सेनापती. युद्ध अमेरिकेचं, पण सामान्य अमेरिकनालाच त्याचा पत्ता नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेने पाय काढून घेतला आणि हे लोक सूड टाळायला मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले. तिथून मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया, मिशिगन. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यासाठी एक लहानसा स्मृतिफलक बसायला १९९७ उजाडलं. म्हणजे कुंपणापलीकडे राहणारे लोक वॉल्टच्याच बाजूने लढलेले. आशियाई चेहरा दिसला की ज्याला कोरियातला शत्रू दिसतो, त्याला आपल्या मित्रपक्षाची ओळखच नाही.

ती ओळख करून देते स्यू. वॉल्टच्या गाडीत बसून ती त्याला हा इतिहास सांगते. इतक्या थंड मुलखात कशाला आलात, या त्याच्या प्रश्नावर दोष ल्युथरन चर्चवर ढकलून मोकळी होते. त्याच्या तोंडून येणारे शब्द छापण्याजोगे नाहीत, ती ते ऐकून घेते आणि त्याच सुरात उलट टोलाही देते. घरी नेते, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही हे शिकवते, स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हवाली करते. ताटं भरली जातात. घरातला जाणता बुवा वॉल्टकडे पाहून सांगतो, की याला लोक मान देत नाहीत आणि याच्या मनाला शांतता नाही. दुभाषीही स्यूच. आरशासमोर उभा राहून वॉल्ट पुटपुटतो, की माझ्या लाडावलेल्या पोरांपेक्षा मी या लोकांच्या अधिक जवळचा आहे. तेल लावलेले हात हे असे, एका तरुण मुलीचे.

तिच्या भावाची, थाओची गोष्ट वेगळी. टोळीतला चुलतभाऊ त्याला वॉल्टची १९७२ची ग्रॅन टोरिनो गाडी चोरायला पाठवतो, तो पकडला जातो आणि प्रायश्चित्त म्हणून आई-बहीण त्याला वॉल्टकडे राबायला आणून उभा करतात. इथे सिनेमा मला सर्वांत खरा वाटतो. वॉल्टचा कडवटपणा बायको गेल्यामुळे आलाय, असं आपण सहज म्हणून जातो. डोरोथी होती तेव्हाही तो गोड नसावा. मुलांचे चेहरे तेच सांगतात. त्याच्या गॅरेजमध्ये मात्र पन्नास वर्षांत जमवलेली हत्यारं ओळीने टांगलेली आहेत आणि ती कुणाला नको आहेत. नातीला त्याची गाडी हवी आहे, हत्यारं नकोत. थाओ ती बघून विचारतो, एवढं सगळं विकत कसं घ्यायचं? त्यावर वॉल्ट त्याला गंज सोडवायचं तेल, पकड आणि चिकटपट्टी देतो. एवढ्यात निम्मी कामं होतात, म्हणतो. म्हाताऱ्या कारागिराला कुणी "हे कसं करायचं?" विचारलं, की त्याची पाठ ताठ होते. सहानुभूतीने ती होत नाही, चिमट्याने तर नाहीच.

हीच किल्ली फ्रेड्रिक बॅकमनच्या 'उवे'ला लागते. २०१२ची ही स्वीडिश कादंबरी, तिच्यावर २०१५ साली हानेस होल्मचा सिनेमा आणि २०२२ अखेरीस टॉम हँक्सचा 'अ मॅन कॉल्ड ऑटो'. उवे ५९ वर्षांचा. बायको गेली, कामावरून घरी बसवलं गेलं. तो आयुष्यभर साब गाडीशी एकनिष्ठ, आणि शेजाऱ्याने बीएमडब्ल्यू घेतली म्हणून वर्षानुवर्षं अबोला धरणारा. साब कंपनी डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि पुढच्या वर्षी कादंबरी आली. रोज सकाळी वसाहतीत फेरी मारून, कुणी गाडी चुकीच्या जागी लावली आहे का हे तपासणाऱ्या या माणसाला आपण चांगले ओळखतो. प्रत्येक सहकारी गृहरचना संस्थेत तो असतो आणि निवडणुकीत पडल्यावरही फेरी सोडत नाही.

उवेने जगायचं नाही असं ठरवलेलं असतं. दर वेळी दारावर थाप पडते. समोर राहायला आलेली, इराणमधून आलेली गरोदर परवाने उभी असते. कधी शिडी हवी, कधी नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं, कधी मला गाडी शिकवा. हाती केशरभाताचा डबा. स्वीडिश सिनेमात तिचं काम करणारी बाहार पार्स ही अभिनेत्री स्वतः इराणमध्ये जन्मलेली, आणि तिने या बाईला कुठेही पाझरू दिलेलं नाही. ती उवेची दया करत नाही. त्याला कामाला लावते. आपल्या आळीत एखादी वहिनी अशी असते: "काका, जरा नळ बघता का?" नळ तिलाही दुरुस्त करता आला असता.

हँक्सचा 'ऑटो' मात्र मला फसवा वाटला. परवानेच्या जागी आलेली मारिआना त्रेविन्योची मेक्सिकन मारिसोल झकास आहे, पण हँक्सचा चेहरा पहिल्या मिनिटापासून सांगतो की काळजी करू नका, मी आतून गोडच आहे. काटे चिकटवलेले दिसतात. स्वीडिश सिनेमातल्या रोल्फ लासगोर्दच्या उवेला बघून निदान जिना चढताना बाजूला व्हावंसं वाटतं.

'ग्रॅन टोरिनो'बद्दल एक गोष्ट तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ठाऊक नव्हती. थाओचं काम करणारा बी वँग तेव्हा शाळकरी वयाचा ह्मोंग मुलगा होता, व्यावसायिक नट नव्हता. पुढे त्याने उघडपणे लिहिलं, २०२१ मध्येही लिहिलं, की वॉल्टच्या शिव्यांवर बहुतांशी गोऱ्या प्रेक्षागृहांत उसळणारं हसू त्याला अस्वस्थ करत होतं, आणि 'निरुपद्रवी विनोद' म्हणून अशी भाषा पचवायची सवय लागते. सिनेमाने जगभरात पंचवीस कोटी डॉलरच्या वर धंदा केला. हसलेल्यांत मीही होते. आता 'भय्या' या शब्दाकडे पाहा. मूळ अर्थ भाऊ. मुंबईत तो कोणत्या सुरात उच्चारला जातो आणि समोरचा भाजीवाला तो ऐकताना कुठे बघतो, हे लक्ष देऊन पाहिलं तर बी वँग काय म्हणतो ते समजायला डेट्रॉइटला जावं लागत नाही. आपण म्हणतो, अहो, त्यांना काही वाटत नाही. त्यांना विचारलेलं नसतं.

म्हणून सिनेमा टाकाऊ ठरतो असं मला वाटत नाही. शेजारची आजी आहे ना त्यात! वॉल्ट आपल्या पायऱ्यांवर, ती तिच्या. सगळे गोरे गेले, हा थेरडा का जात नाही, असं ती तिच्या भाषेत करवादते. हे लोक इथे कशाला आले, असं तो त्याच्या. तो थुंकतो. ती त्याच्या दुप्पट थुंकते. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नाही आणि दोघांची तक्रार एकच असते. तिची आणि त्याची मैत्री कधी होत नाही. शेवटी मात्र वॉल्ट आपली कुत्री सांभाळायला तिच्याच दारात आणून बांधतो.

शेवट आता सांगायला हरकत नाही, सिनेमा जुना झाला. टोळीतल्या एका पोराला वॉल्ट एकट्याने गाठून बुकलतो, धमकावतो. थाओला वाचवायचं म्हणून. त्याचा सूड टोळी स्यूवर उगवते. वॉल्टच्या मर्दुमकीचं बिल तिच्या नावावर फाडलं जातं. तो पुढे जे करतो ते स्वतःचा जीव देऊन करतो, त्यात धैर्य आहे, आणि कॅमेरा त्याला हात पसरलेल्या ख्रिस्तासारखा वरून दाखवतो. कोरियात शरण येऊ पाहणाऱ्या पोराला मारल्याची खरी कबुली त्याने पाद्र्यापाशी न देता जाळीच्या दाराआडून थाओला दिलेली असते. मग वकिलाच्या कचेरीत मृत्युपत्र वाचलं जातं. घर चर्चला, कारण डोरोथीला ते आवडलं असतं. गाडी थाओला. स्यूला काहीच नाही.