शिलाई यंत्र बदलताना

दक्षिण महाराष्ट्रातील कितीतरी श्रावक कुटुंबांत खिडकीशी मांडलेले पायाचे काळे शिलाई यंत्र दोन-तीन पिढ्यांचे असते. पाणी गाळण्याच्या वस्त्राची किनार, श्रुतपंचमीला शास्त्रांवर चढवायची नवी वेष्टने, लेकींचे परकर, शेजारणींचे ब्लाउज, सारे त्याच यंत्राखालून गेलेले असते. असे यंत्र एके दिवशी धागा तोडू लागते, टाके गाळू लागते आणि दुरुस्ती करणारा सांगतो, "आता नवीनच घ्या." हौसेने शिवणाऱ्या घरात हा प्रश्न महिनाभर पुढे ढकलता येतो. पतीच्या पश्चात शिवणावर मुलांचे शिक्षण चालवणाऱ्या भगिनीला तो आठवडाभरही ढकलता येत नाही. कबूल केलेले कपडे वेळेवर गेले नाहीत तर गिऱ्हाईक दुसरे दार धरते. हाताशी सात-आठ हजार रुपये आणि मनात काळजी, अशा अवस्थेत केलेली खरेदी बहुधा फसते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की यंत्र खरोखर संपले आहे काय? टाके गळण्याचे कारण पुष्कळदा बोथट किंवा उलटी बसवलेली सुई एवढेच असते. दातांच्या पट्टीखाली कापसाचा गठ्ठा साचतो, शटलला बारीक ओरखडा पडतो आणि धागा त्यात अडकून तुटतो. घरातले खोबरेल किंवा शेंगतेल घातलेले असेल तर ते काही महिन्यांत घट्ट चिकट होते आणि चाक जड फिरू लागते. असे यंत्र केरोसीनने स्वच्छ करून त्याला शिलाई यंत्राचे पातळ तेल दिले, सुई आणि शटल बदलले, की काही शे रुपयांत ते पुन्हा कामास लागते. मात्र ओतीव सांगाड्याला तडा गेला असेल, किंवा सुईचा दांडा बोटांनी धरून हलवताच डावीकडे-उजवीकडे डुलत असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालणे व्यर्थ आहे.

बदलायचेच ठरले तरी सारे बदलण्याची गरज नसते, आणि ही गोष्ट दुकानात सहसा कोणी आपण होऊन सांगत नाही. काळ्या रंगाच्या सरळ टाक्याच्या घरगुती यंत्रांची घडण आपल्याकडे अनेक दशके जवळजवळ एकच राहिली आहे. जुने लोखंडी स्टँड आणि लाकडी फळी शाबूत असतील तर त्याच बिजागऱ्यांवर नुसते नवे हेड बहुधा बसते. फळीतील खाचेचे माप कागदावर घेऊन दुकानात जावे. लुधियानात तयार होणारी हेडे नामांकित कंपन्यांच्या हेडांपेक्षा स्वस्त मिळतात; त्यांची घडाई एकसारखी नसते, म्हणून प्रत्येक नग चालवून पाहावा लागतो. पुढे मिळकत वाढली की त्याच हेडला बाजूने छोटी मोटर जोडता येते. पायटा ठेवला तर वीज गेली तरी काम थांबत नाही. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संभाषणात ज्या यंत्राचा अपवाद केला, ते सिंगरचे शिलाई यंत्रच होते, हे येथे सहज आठवते.

यंत्राची जात ठरवताना शेजारणीने काय घेतले यापेक्षा गेल्या सहा महिन्यांत हातून कोणते काम झाले, हे वहीत पाहणे अधिक उपयोगाचे. ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश हीच कामे असतील तर सरळ टाक्याचे साधे यंत्र पुरते. स्टँडसह ते साधारण सहा ते नऊ हजारांत येते. गावात साड्यांच्या पिकोचे काम अधिक मिळत असेल तर झिगझॅग टाका हवाच, कारण सरळ यंत्रावर पिको होत नाही. टेबलावर ठेवायची हलकी, अनेक नक्ष्या काढणारी विजेची यंत्रे दिसायला देखणी असतात आणि साधारण दहा ते पंधरा हजारांत मिळतात. घरगुती वापरास ती चांगली. परंतु त्यांतील कित्येकांचे आतले भाग प्लॅस्टिकचे असतात आणि रोज आठ तास जाड कापड शिवण्यासाठी ती घडवलेलीच नसतात. पन्नास नक्ष्यांपैकी अठ्ठेचाळीस कोणी कधी वापरत नाही, पैसे मात्र पन्नासांचे मोजावे लागतात. कारखान्यातील एकसुई यंत्राचा वेग मोठा, पण किंमत वीस हजारांच्या आसपास किंवा वर जाते. ठेक्याने गणवेश घेणाऱ्या घरालाच ते परवडते, आणि तेथेही क्लच मोटरऐवजी सर्व्हो मोटर घ्यावी. क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते.

जुने यंत्र विकत घेण्यात कमीपणा नाही. भक्कम ओतकामाचे जुने हेड पुष्कळदा नव्या स्वस्त हेडापेक्षा सरस निघते. पाहायला जाताना आपला धागा, नवी सुई, सुती कापडाचे तुकडे आणि रेघांचा एक कागद बरोबर न्यावा. प्रथम धागा न ओवता कागद रेघेवरून चालवावा. छिद्रे सरळ आणि सारख्या अंतरावर पडली तर दात व सुईचा दांडा ठीक आहेत. नंतर दुहेरी आणि चौपदरी कापडावर शिवून वरचा व खालचा टाका सारखा बसतो का पाहावे. चाक हाताने सावकाश फिरवताना मध्येच अडकता कामा नये. विक्रेत्याने आपल्याच कापडावर शिवून दाखवलेल्या सुंदर टाक्याला फारसे महत्त्व देऊ नये.

खरा धोका हप्त्यांत असतो. समजा, बारा हजारांच्या यंत्रासाठी महिना ११५० रुपयांचे बारा हप्ते ठरले. एकूण १३,८०० रुपये जातात, म्हणजे अठराशे अधिक. हे पंधरा टक्के झाले, असे वाटते. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत असते; त्या हिशेबाने व्याजाचा दर वर्षाला सुमारे २७ टक्के पडतो. "बिनव्याजी" म्हणून दिलेल्या योजनेतही प्रक्रिया शुल्क किंवा रोखीवरची सोडलेली सूट दडलेली असते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज, हे दोन आकडे दुकानदाराकडून लिहून घेतले की सारे स्पष्ट होते. घरच्या बचत गटाचे कर्ज त्या मानाने कितीतरी स्वस्त असू शकते.

सरकारी मदतीचीही माहिती असावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. नोंदणी सामान्य सेवा केंद्रावर होते. पात्र ठरलेल्या व्यक्तीला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि पाच टक्के दराने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज मिळू शकते. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकराचे कुटुंब अपात्र ठरते. अर्ज ते व्हाउचर यांत वेळ जातो, तेव्हा आजची अडचण त्यावर सोडून चालत नाही. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या "मोफत शिलाई मशीन"च्या संदेशांपासून मात्र दूर राहावे. ते खोटे असल्याचा खुलासा केंद्र सरकारने केलेला आहे. अशा दुव्यावर आधार आणि बँक खात्याचा क्रमांक भरणे म्हणजे चोराला किल्ली देणे होय.

श्रावकाच्या घराने आणखी एक गोष्ट पाहावी. पायाच्या यंत्राचा गोल पट्टा जुन्या पद्धतीने चामड्याचा असतो आणि न विचारता तोच चढवून दिला जातो. रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पट्टा थोडक्या पैशांत मिळतो. खरेदीच्या वेळीच तो मागून घ्यावा. चातुर्मासात दमट हवेने यंत्राच्या पोटात, तेल आणि कापसाच्या धुळीत बारीक जीव वस्ती करतात. काही दिवस बंद राहिलेले यंत्र सुरू करण्यापूर्वी हेड उलटे करून मऊ कुंचल्याने यत्नपूर्वक झाडून घ्यावे. तेल घालणे त्यानंतर.

परिग्रह-परिमाण व्रत घेऊन घरातील वस्तूंची मोजदाद ठेवणाऱ्यांच्या यादीत यंत्र एकच असते, तेव्हा नवे आले की जुन्याला जागा उरत नाही. दुकानदार बदल्यात फारसे काही देत नाही. चालू स्थितीतील जुने हेड शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीला द्यावे. देताना नवी सुई बसवावी आणि धागा कसा ओवायचा, ते तिच्याकडून एकदा करवून घ्यावे.